सल्ला हवाय : जुन्या मारुती झेनचं कार्पेट धुवू का नवीन टाकू? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. घरी वडिलांची १९९९ ची झेन आहे, इंजिन खणखणीत, पण दार उघडलं की कुबट वास येतो आणि पावसाळ्यात तर काचा खाली केल्याशिवाय बसवत नाही. डाव्या बाजूला पुढं, पाय ठेवायच्या जागी कार्पेट गार लागतं आणि दाबलं तर ओल जाणवते. वडील हळदीच्या व्यापारात होते त्यामुळं मागच्या सीटखाली नि डिकीत सगळीकडं पिवळे डाग आहेत. एका ॲक्सेसरीवाल्याला दाखवली तर म्हणतो कार्पेट राहू द्या तसंच, वरनं फुल लॅमिनेशन मॅटिंग चिकटवून देतो, वास पण जाईल. दुसरा म्हणतो सगळं काढून फेका, नवीन शिवून देतो. गाडी विकायची नाहीये, अजून बरीच वर्षं वापरायची आहे. काय करावं, आणि सांगली-मिरजेत नाहीतर कोल्हापुरात असलं काम नीट कुठं होतं?

मिरज_जंक्शन
भावा, लॅमिनेशन अजिबात करू नको. खाली ओल असताना वरनं व्हिनाइल चिकटवलं की ते पाणी वाळायला वाटच राहत नाही, ते नमद्यात (कार्पेटखालच्या जाड थरात) बसून राहतं आणि खालचा पत्रा आतल्या आत खात जातं. तुला वरनं चकाचक दिसंल, आणि जॅक लावताना एक दिवस फ्लोअर दबंल. आधी पाणी कुठनं येतंय ते शोध, कार्पेटचं नंतर बघू.

पुढं डावीकडं ओल म्हणजे माझा पहिला संशय एसीच्या ड्रेन पाइपवर. एसीच्या कूलिंग कॉइलवर जे पाणी साठतं ते त्या पाइपातनं गाडीखाली पडायला पाहिजे. दमट दिवशी एसी चालू करून गाडी थोडा वेळ उभी कर आणि खाली वाकून बघ, थेंब पडत नसले तर पाइप चोकअप. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं खालनं हलकी हवा मारली तरी बऱ्याचदा मोकळा होतो, फक्त जोरात मारू नको, आतला जॉइंट निसटतो. पाणी साधं बिनवासाचं असंल तर एसीचं. चिकट आणि गोडसर वास असंल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), म्हणजे हीटरच्या रेडिएटरची गळती. आणि फक्त पावसातच येत असंल नि गढूळ असंल तर पुढच्या काचेचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), वायपरखालच्या खाचेत अडकलेला पालापाचोळा, दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा, हे सगळं बघ.

पवईनाका
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पावसाचं पाणी शोधायचं असेल तर दोन माणसं लागतात, एकानं बाहेरून पाइप धरायचा तो खालून वर असा, एका वेळी एकच जागा, आधी दार, मग काचेची कड, मग वायपरची खाच, आणि दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. कार्पेट उचलून उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची वाट स्वच्छ उमटते. आमच्या साताऱ्याकडं कास-महाबळेश्वरच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांना हे दुखणं कायम. आणि दाराच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात पाणी निघायला, ती मातीनं बुजली की दारात पाणी साठून आत येतं, काडी घालून मोकळी करायची, पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

कुशनकाम
मी हेच काम करतो, सीट नि रूफ, कार्पेट पण. तुमचं मूळ कार्पेट फाटलं नसेल तर धुवा, बदलू नका, मनापासून सांगतोय. कंपनीचं कार्पेट साच्यात दाबून बनवलेलं असतं, गिअरचा उंचवटा, पायाजवळचा चढ, सगळीकडं अंगाला चिकटून बसतं. आम्ही तुकडे कापून शिवतो ते कितीही मन लावून केलं तरी कोपऱ्यात जोड येतोच.

बदलायचं ते खालचं. वरचं कार्पेट एका उन्हात वाळतं पण खालचा नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो, वास तिथनंच येतोय. नमदा नवीन टाका, जुन्याचा आकार कागदावर काढून घ्या म्हणजे वायरिंगच्या नि बोल्टच्या जागा चुकणार नाहीत. रेट मी इथं लिहीत नाही, मालावर असतो, पण कुठंही गेलात तरी कार्पेट, नमदा आणि मजुरी तिन्ही वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर नमद्याच्या जागी पातळ फोम येतो, तो स्पंजसारखा पाणी धरतो.

नवीनच घ्यायचं ठरलं तर घरातलं कार्पेट गाडीत घालू नका. गाडीच्या आतल्या मालाला आग किती वेगानं पसरते याचं भारतीय मानक आहे, आयएस १५०६१, घरगुती माल त्यासाठी बनवलेला नसतो. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पडतं, पाणी पीत नाही, डाग कमी धरतं, पण उष्णता सोसत नाही आणि टाचेखाली लवकर चपटं होतं. नायलॉन महाग पण टिकतं. ड्रायव्हरच्या टाचेखाली रबरी पॅच शिवून घ्याच.

विश्रामबागकर
खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे धुवायचंच. पण धुवायचं कसं, गाडीतच का बाहेर काढून? आणि हळदीच्या डागाचं काय, आईनं निरम्यानं घासून बघितलं तर लालच झालं ते.

हळदपेठ
काका/दादा जे कोण असाल, हळदीला साबण नि सोडा लावायचा नाही. हळदीतला पिवळा रंग साबणाच्या खारानं लाल होतो, डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. व्हिनेगर पाण्यात पातळ करून कापडानं टिपलं की परत पिवळा होतो. पहिलं म्हणजे कोरडं असतानाच व्हॅक्यूम मारून पावडर जेवढी निघंल तेवढी काढायची, पाणी आधी लावलं तर ती विरघळून आणखी पसरते. मग सौम्य शाम्पूनं धुवून सरळ उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आमच्याकडं कपड्यांचे डाग असेच जातात. ऑक्टोबरचं ऊन आहे, डाग वर करून चार-आठ दिवस ठेवा. ब्लीच नको, कार्पेटचा करडा रंग उडून पांढरे चट्टे पडतील.

मिरज_जंक्शन
बाहेर काढूनच धू. पुढच्या दोन्ही सीट, मधला कन्सोल, दाराजवळच्या प्लास्टिक पट्ट्या, सीटबेल्टचे खालचे बोल्ट, एवढं काढलं की कार्पेट सुटतं, दोघं लागतात. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेव. प्रत्येक वस्तू काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. कार्पेट आधी पूर्ण वाळू दे, उलटं करून काठीनं झोडप, वाळलेला चिखल निम्मा तसाच पडतो. मग शाम्पू नि मऊ ब्रश, आणि पाण्यात फेस दिसायचा बंद होईपर्यंत खळबळून काढ, शाम्पू आत राहिला की तो धूळ धरतो आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा काळं दिसतं. प्रेशर वॉशर मारणार असशील तर लांबनं, मागचा थर सुटला की आकार जातो. वाळवताना तारेवर मधोमध टाकू नको, घडी पडते, खाटेवर आडवं पसर.

कृष्णाकाठ
एक गोष्ट कुणी विचारली नाही म्हणून लिहितो. ही गाडी पुरात होती का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा गावभागात, सांगलीवाडीत किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पुराचं पाणी शिरलं असेल तर नमदा धुवायच्या भानगडीत पडू नका, सरळ टाकून द्या, त्यात नुसता गाळ नसतो, गटाराचं पाणी पण असतं. दाराखालच्या पोकळ पट्टीत गाळ बसतो तो पाण्यानं धुवून काढायचा, आणि कार्पेटखालनं जाणाऱ्या वायरिंगचे सॉकेट उघडून बघायचे, हिरवट गंज दिसला की बदलायचे. या भागात जुनी गाडी घेणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा, जुन्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट दिसलं की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथं राहते. सीट ज्यावर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज नि स्टेपनीची जागा पण बघा.

विश्रामबागकर
पुरात नव्हती, आमच्याकडं पाणी आलं नव्हतं. आज कार्पेट काढलं. एसीचाच पाइप, पूर्ण बुजलेला, हवा मारल्यावर काळं पाणी पडलं. पत्र्याला डावीकडं ताटाएवढा गंज आहे, स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तर आरपार जात नाही. आता याला काय लावू?

पवईनाका
आरपार जात नाही म्हणजे वेळेत उघडलंत. वायर ब्रशनं सुटा गंज काढा, मग उरलेल्या घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं औषध), तो डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या, मग प्रायमर, एपॉक्सी मिळाला तर उत्तम नाहीतर रेड ऑक्साइडचे दोन हात, वरून रंग. घाई करून ओल्या प्रायमरवर नमदा टाकू नका. आवाज कमी करायला पत्र्यावर चिकटवलेले डांबराचे पॅड उचललेले दिसले तर ते काढून खाली बघा, गंज तिथं लपतो. भोक असतं तर पत्रा वेल्ड करावा लागला असता. फ्लोअरच्या भोकातली रबरी बुचं वाळून चिरलेली असतील, ती नवीन घाला.

फियाट_तासगाव
धागा वाचतोय. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला साच्यातलं कार्पेट कुठं मिळंल का?

कुशनकाम
तयार मिळणं अवघड. पुण्याच्या नाना पेठेत एकदा चौकशी करा, नाहीतर शिवूनच घ्या, माप नीट घेतलं तर शिवलेलं पण छान बसतं. जुने तुकडे कितीही कुजलेले असू देत, फेकू नका, त्यावरनंच माप निघतं. कडेला रेक्झिनचा गोट लावून घ्या, धागे सुटत नाहीत.

मिरज_जंक्शन
विश्रामबागकर, बसवल्यावर वरनं मॅट घालशील तर ड्रायव्हरची मॅट हुकानं अडकणारीच घे आणि एकावर एक दोन घालू नको. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटानं मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकतो म्हणून लाखो गाड्यांचा रिकॉल काढला होता, म्हणजे दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या. बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल पूर्ण दाबून सोडून बघ, नवीन नमद्यानं उंची वाढलेली असते. आणि सीटबेल्टचे बोल्ट हातानं नको, पान्यानं नीट आवळून घे.