अमेरिकेची कर्जमर्यादा वाढवणे म्हणजे नव्या खर्चाला परवानगी देणे का?

प्रश्न
अमेरिकी काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये संघीय सरकारची कर्जमर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवून ४१.१ लाख कोटी डॉलर केली. खर्च काँग्रेसच मंजूर करते, करही तीच ठरवते. मग त्यातून निघणारी तूट भरून काढण्यासाठी पुन्हा वेगळी परवानगी कशासाठी? ही मर्यादा वाढवलीच नाही, तर सरकारला खरोखर काटकसर करावी लागेल का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
मर्यादा गाठली म्हणून खर्चाचा एकही कायदा रद्द होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. निवृत्तिवेतन, सैनिकांचे पगार, जुन्या रोख्यांवरील व्याज ही देणी कायद्याने ठरलेली असतात. ती भागवण्यासाठी पैसा उभा करण्याची वाट तेवढी बंद होते. मग वित्त विभाग ‘असाधारण उपाय’ योजतो. उदाहरणार्थ, संघीय कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेतील ‘जी फंडा’ची रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवणे तात्पुरते थांबवले जाते, आणि मर्यादा वाढल्यावर ती कायद्यानुसार व्याजासह भरून दिली जाते. हे उपायही संपले, की देणी थकण्याची वेळ येते.

मुळात ही तरतूद सरकारला वेसण घालण्यासाठी आलेली नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, रोखे काढताना वित्त विभागाला अधिक मोकळीक मिळावी म्हणून केलेल्या कायद्यातून तिची सुरुवात झाली, आणि १९३९ मध्ये जवळजवळ सर्व कर्जाला मिळून ४५ अब्ज डॉलरची एकच मर्यादा लागू झाली.

प्रतिसाद २
वरील मांडणी मान्य आहे, परंतु एक बाजू सुटते. २०११ मध्ये मर्यादा वाढवण्याच्या बदल्यातच विरोधकांनी पुढील दहा वर्षांच्या खर्चावर कायद्याने बंधने घालून घेतली. तुटीकडे लक्ष वेधण्याची ही एकमेव हमखास संधी असेल, तर ती सोडून का द्यावी?

प्रतिसाद ३
कारण त्या संधीची किंमत करदाते मोजतात. २०११ चा तोच कायदा २ ऑगस्टला झाला आणि तीनच दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन काढून घेतले. केवळ त्या वर्षीच्या घोळामुळे सरकारचा कर्ज उभारण्याचा खर्च सुमारे १.३ अब्ज डॉलरने वाढला, असा तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेचा अंदाज आहे. खर्चाला मंजुरी देताना ज्यांनी हात वर केला, त्यांनीच बिल आल्यावर हात आखडता घ्यावा, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. खर्च कमी करायचा तर तो अर्थसंकल्पावर मतदान करतानाच करावा.

यावर तोडगाही तेथेच सापडला होता. अर्थसंकल्पाचा ठराव संमत होताच त्यास अनुरूप कर्जमर्यादाही प्रतिनिधिगृहाने संमत केली असे मानावे, हा ‘गेफार्ट नियम’ १९७९ मध्ये स्वीकारला गेला. २०११ मध्ये तो वगळला, २०१९ मध्ये परत आणला आणि २०२३ मध्ये पुन्हा वगळला. बहुमत ज्या पक्षाचे, त्याच्या सोयीने हा नियम येतो आणि जातो. तो कायमचा कायदा होऊन सेनेटलाही लागू झाला, तरच दर एक-दोन वर्षांनी उभा राहणारा हा पेच सुटेल.