किराणा दुकानाचं ॲप: डार्ट, कोटलिन की आणखी काही?

गल्लीतला_कोडर
किराणा दुकानासाठी उधारी आणि बिलांचं ॲप करतोय. शेठच्या हातात अँड्रॉइड फोन, गल्ल्यावर विंडोजचा जुना पीसी, रॅम ४ जीबी. माझं मत पक्कं आहे: डार्ट ही भाषा आणि तिच्यावर चालणारं फ्लटर, म्हणजे एकाच कोडमधून फोन आणि पीसी दोन्हींची ॲप बनवायचं गूगलचं साधन. विंडोजसाठी ते २०२२ सालीच स्थिर झालं, स्क्रीन एकदाच लिहायच्या. एकट्या माणसाला दोन ॲप सांभाळणं परवडत नाही. पटत नसेल तर बोला.

जेव्हीएमकर
नाही पटत. फ्लटर सोडलं तर डार्टला विचारतं कोण? आणि फ्लटर गूगलच्या मर्जीवर. कोटलिन ही भाषा घ्या. २०१९ पासून अँड्रॉइडसाठी गूगल स्वतःच कोटलिनला पहिला मान देतंय, जावाच्या लायब्ऱ्या वापरता येतात, आणि कंपोज या कोटलिनच्या स्क्रीन बनवायच्या साधनात विंडोजच्या स्क्रीनही होतात. उद्या हे ॲप बारगळलं तरी कोटलिनवर नोकरी मिळेल.

गल्लीतला_कोडर
नोकरीचं नंतर बघू. कंपोजच्या डेस्कटॉप ॲपबरोबर जावाचं रनटाइमही, म्हणजे ते ॲप चालवणारा प्रोग्राम, द्यावं लागतं. त्या ४ जीबीत टॅली आणि ब्राउझर आधीच ठाण मांडून बसलेत.

ब्राउझरभक्त
एचटीएमएल, सीएसएस येतं ना? मग इलेक्ट्रॉन, त्यावरच डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर त्यातच केलाय.

जेव्हीएमकर
प्रत्येक इलेक्ट्रॉन ॲप आपापलं क्रोमियम, म्हणजे जवळजवळ अख्खा ब्राउझर, घेऊन येतं. त्या पीसीवर? शिवाय फोनवर इलेक्ट्रॉन चालतच नाही.

सी_शार्पवाले_काका
पोरांनो, सी शार्प भाषेत फोनची ॲप बनवायचं झामारिन आठवा. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला, त्याच्या जागी आणलेल्या मॉइकडे (MAUI) जा म्हणाले. स्क्रीनवर पुन्हा घाम गाळावा लागला, पण हिशेबाचं सी शार्प बहुतेक तसंच चाललं. जीएसटीचा, उधारीचा कोड स्क्रीनपासून वेगळा ठेवा, मग भाषेवरून एवढं तापायचं कारण नाही.

प्रिंटरग्रस्त
तापायचं कारण प्रिंटर आहे, काका. ५८ मिमीच्या स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी नसते. ‘तूरडाळ’ पाठवली की भलतीच चिन्हं छापतो. अख्खं बिल ३८४ ठिपके रुंदीचं चित्र करून पाठवावं लागतं. फ्लटरमध्ये त्यासाठी फोनवर कोटलिन, विंडोजवर सी प्लस प्लस. कुठे राहिला एकच कोड?

गल्लीतला_कोडर
चित्र फ्लटरच बनवतं, जोडाक्षरांसकट, दोन्हीकडे सारखं. विंडोजवर छपाई सांभाळणाऱ्या स्पूलरची फंक्शन्स डार्टमधून एफएफआयने, म्हणजे दुसऱ्या भाषेतला कोड वापरायच्या सोयीने, थेट बोलावता येतात. राहिलं फोनचं ब्लूटूथ. तेवढ्यापुरतं कोटलिन लिहीन.

जेव्हीएमकर
म्हणजे कोटलिन आलंच! आणि शेठने उद्या आयपॅड आणला तर? आयपॅडचं ॲप तयार करायला मॅक लागतो, भाषा कुठलीही घ्या.

गल्लीतला_कोडर
शेठ आयपॅड घेणार असेल तर मॅकही त्याच्याच खिशातून.