आजोबांचे ‘याकोब’ हे नाव बाळाला ठेवावे का?

प्रश्न

लग्नानंतर नऊ वर्षांनी आमच्या घरी पाळणा हलणार आहे आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख आता सहा आठवड्यांवर आली आहे. मुलगी झाली तर ‘हन्ना’ हे नाव आम्हा दोघांनाही पसंत आहे. मुलाच्या नावावर मात्र आमचे एकमत होत नाही. माझ्या वडिलांचे नाव याकोब होते आणि गेल्या वर्षी ते प्रभूजवळ गेले. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातील प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहे. माझ्या व पत्नीच्या नावाखाली त्यांनी पट्टीने एक रेघ आखून ती ओळ रिकामी ठेवली आहे. ते पान पाहिले की दुसरे कोणते नाव माझ्या मनात येतच नाही.

पत्नीने त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची मनापासून सेवा केली, त्यामुळे तिचा आक्षेप त्यांच्याविषयी नाही, तर नावाच्या अर्थाविषयी आहे. बायबलच्या शब्दकोशात ‘याकोब’ म्हणजे ‘टाच धरणारा’ आणि ‘फसवणारा’ असे अर्थ दिले आहेत, आणि इतकी वर्षे ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्या बाळाला असे नाव कसे द्यायचे, असे ती विचारते. तिला ‘शमुवेल’ हवे आहे. आई काही बोलत नाही, पण दुखावली आहे. शब्दकोशातील अर्थाला किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

मी बरीच वर्षे बायबलचे वर्ग घेत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘टाच’ हा अर्थ उत्पत्तीच्या 25व्या अध्यायातून येतो, कारण जुळ्यांपैकी धाकटा थोरल्याची टाच धरून जन्माला आला. ‘फसवणारा’ हा अर्थ मात्र आईवडिलांनी दिलेला नाही. धाकट्याने फसवून वडिलांचा आशीर्वाद घेतल्यावर थोरला भाऊ एसाव 27व्या अध्यायात संतापाने आणि दुःखाने त्या नावावर जो श्लेष करतो, त्यातून तो आला आहे. दुखावलेल्या भावाच्या तोंडचे ते उद्गार आपण शब्दकोशातला अर्थ म्हणून का स्वीकारावेत? शिवाय हे नाव मुळात ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या एका मोठ्या नावाचे संक्षिप्त रूप असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

आता ‘शमुवेल’ पाहू. ‘मी त्याला परमेश्वरापाशी मागून घेतले’ असे कारण मुलासाठी रडून प्रार्थना करणारी शमुवेलची आई हन्ना सांगते, परंतु इब्री भाषेत ‘मागणे’ हे क्रियापद त्या नावात नीट बसत नाही. अक्षरांवरून पाहिल्यास ‘देवाचे नाव’ किंवा ‘देवाने ऐकले’ हे अर्थ अधिक जवळचे ठरतात. म्हणून हन्नेचे चुकले असे कोणी म्हणत नाही, कारण आपल्या अश्रूंचा अर्थ तिने त्या नावाला जोडला आणि तोच टिकला. पवित्र शास्त्रात नावाचा अर्थ बहुतेक वेळा असाच, नाव ठेवणाऱ्याच्या तोंडून ठरतो.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्नीला अवश्य सांगा. यब्बोक नदीजवळ देवाशी झोंबी केल्याच्या त्या रात्रीनंतर याकोबाला ‘इस्राएल’ हे नवे नाव मिळाले, तरीही पुढे जळत्या झुडपातून मोशेशी बोलताना देवाने स्वतःची ओळख ‘अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव व याकोबाचा देव’ अशीच करून दिली. ज्या नावाशी देवाने आपले नाव जोडले, ते बाळाला देण्यात कसलाही कमीपणा नाही.

उत्तर २

वरील उत्तर मला पटले, तरीही मी दुसरी बाजू मांडते, कारण ती मी जगले आहे. माझ्या जन्मापूर्वी वारलेल्या बहिणीचे नाव मला देण्यात आले. आईने ते अतिशय प्रेमाने ठेवले होते, परंतु मला हाक मारताना तिचा आवाज कधीकधी मध्येच थांबत असे आणि त्या क्षणी ती हाक आपल्यासाठी नाही, हे मला लहानपणीही कळत असे. राहेलीने प्राण सोडताना मुलाचे नाव ‘बेनओनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असे ठेवले आणि बापाने ते बदलून ‘बन्यामीन’ केले, हे वचन वाचताना मला आजही भरून येते. ज्याने ते बदलले तो याकोबच होता, हे येथे लिहिताना प्रथमच लक्षात आले.

तेव्हा ‘याकोब’ हे नाव आपण वडिलांच्या स्मरणार्थ ठेवणार की त्यांची रिकामी जागा भरण्यासाठी, हे आधी स्वतःला विचारा. स्मरणार्थ असेल तर निःशंकपणे ठेवा. आणि पत्नीला वेगळेच नाव हवे असेल, तर लूकच्या पहिल्या अध्यायातील अलीशिबेची आठवण ठेवा. शेजारी आणि नातलग बाळाला बापाचेच नाव, जखऱ्या, देऊ पाहत होते. तिने मात्र ‘योहान’ म्हटले, तेव्हा ‘तुझ्या नातलगांत या नावाचे कोणी नाही’ असे सर्वांनी तिला ऐकवले. जखऱ्याने पाटीवर तेच नाव लिहून तिला साथ दिली.

उत्तर ३

एक व्यवहाराची बाब. ‘याकोब’, ‘जेकब’ आणि ‘जेम्स’ हे मुळात एकच नाव आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी दोघांचे हेच नाव होते. इंग्रजी बायबलमध्ये त्यांना ‘जेम्स’ म्हटले आहे, मराठीत ते याकोबच राहिले आहेत. त्यामुळे घरी एक, दाखल्यावर दुसरे आणि चर्चच्या नोंदवहीत तिसरे रूप असा घोळ सहज होतो. जे रूप ठरवाल तेच सर्वत्र, त्याच अक्षरांत लिहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री पत्नीला हे सर्व वाचून दाखवले आणि नंतर आम्ही उत्पत्तीचा 48वा अध्याय वाचला, ज्यात दृष्टी मंदावलेला वृद्ध याकोब नातवंडांना जवळ घेऊन त्यांच्या डोक्यांवर हात ठेवतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की तिच्या मनात याकोब म्हणजे नेहमी तो फसवणारा तरुणच होता, हा आजोबा तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने सुचवले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी ‘याकोब शमुवेल’ अशी दोन्ही नावे उच्चारावीत. असे करता येते का?

उत्तर १

अवश्य करता येते. अनेक मंडळ्यांत दोन नावे दिली जातात. आपल्या पाळकांना ती आधीच लेखी द्या. आपण कॅथलिक असाल, तर 1983च्या धर्मसंहितेतील 855वा नियम एवढेच सांगतो की ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव ठेवू नये. ही दोन्ही नावे शास्त्रातलीच आहेत, त्यामुळे अडचण येणार नाही. आईंना मात्र ही बातमी आपल्या पत्नीनेच सांगावी.