दहा रुपयांखालच्या शेअरमध्ये ट्रेडिंग करावं का?

तळेगावकर
गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीचे 12,000 शेअर 8.40 ला घेतले. दहा टक्के मिळाले की बाहेर पडायचं, एवढाच विचार. तिसऱ्याच दिवशी लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव त्या दिवशीच्या पडण्याच्या मर्यादेला टेकला. रोज नऊ वाजता, बाजार उघडण्याआधीच्या प्री-ओपनमध्येच विक्रीची ऑर्डर टाकायचो. सव्वानऊला बघावं तर खरेदीच्या रकान्यात शून्य, विक्रीला 14 लाख शेअर, आणि त्या रांगेत मी कुठेतरी मागे. सलग नऊ दिवस हेच, रोज पाच टक्के खाली. सुटलो तेव्हा भाव 5.30. सदतीस हजार गेले. स्टॉप लॉस (भाव तिथवर पडला की आपोआप विकायची ऑर्डर) 7.90 ला होता, पण घ्यायलाच कुणी नसेल तर विकणार कुणाला? असल्या शेअरमध्ये भाव पडण्यापेक्षा अडकून पडण्याची भीती मोठी. नोकरदारांनी या वाटेला जाऊच नये असं माझं ठाम मत झालंय.

कोपऱ्यावरचं_दुकान
वाचून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. दोष स्वस्त भावाचा नाही, पातळ उलाढालीचा आहे. मी सहा वर्षं स्विंग करतोय, म्हणजे काही दिवस-आठवडे शेअर धरून विकतो. ट्रेड-टू-ट्रेडमधला (घेतलेला त्याच दिवशी विकता येत नाही असा) किंवा जीएसएमच्या, म्हणजे बाजाराच्या खास देखरेखीच्या यादीतला शेअर घेत नाही, आणि दिवसाच्या सरासरी उलाढालीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त माल उचलत नाही. सुझलॉन 2020 मध्ये दोन रुपयांच्या खाली होता, सप्टेंबर 2024 मध्ये 80 च्या वर गेला. मधल्या काळात मी चार-पाच वेळा आत-बाहेर केलं. एकदाही अडकलो नाही.

निवृत्त_लेखनिक
सुझलॉन सगळ्यांच्या तोंडी असतो. तोच शेअर 2008 च्या सुरुवातीला तीनशेच्या वर होता. खाली येताना ‘आता स्वस्त झाला’ म्हणून प्रत्येक पायरीवर लोकांनी घेतलाच ना? जेट एअरवेजची विमानं 2019 मध्ये थांबली, तरी शेअरचे सौदे चालूच होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं. आणि इंट्राडेचं, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचं म्हणाल, तर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर 10 जणांमागे 7 जण तोट्यात होते.

कोपऱ्यावरचं_दुकान
काका, इंट्राडेबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पूर्वी एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) टिक, म्हणजे भाव हलण्याचं सर्वांत छोटं पाऊल, पाच पैशांची होती. दोन रुपयांच्या शेअरमध्ये एक पाऊल म्हणजे अडीच टक्के! जून 2024 पासून 250 रुपयांखालच्या शेअरना एक पैशाची टिक झाली, तरीही मी इंट्राडे करत नाही. माझं म्हणणं फक्त स्विंगपुरतं आहे.

रेवदंडा_मुलगी
खर्चाचं कुणीच बोललं नाही. विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) साधारण 15 रुपये, मग माल कितीचाही असो. तीन हजारांच्या सौद्यात अर्धा टक्का तिथेच गेला. वर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) दोन्ही बाजूंनी, आणि वर्षाच्या आत विकून नफा झालाच तर जुलै 2024 पासून 20 टक्के कर. शिवाय टिप कुठून आली तेही बघा. यूट्यूबवरच्या खोट्या व्हिडिओंनी भाव फुगवल्याच्या साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात सेबीने मार्च 2023 मध्ये कारवाई केली होती.

तळेगावकर
टिप टेलिग्रामवरचीच होती. दुकानवाले दादा, तुमचं वाचून जुनी उलाढाल काढून पाहिली. मी घेतला त्याच्या आदल्या दिवशी ती नेहमीच्या अकरापट होती, आणि मी तिलाच ताकद समजलो. म्हणजे तुमचा अर्ध्या टक्क्याचा नियमही मी बिनदिक्कत पाळला असता आणि तरी अडकलो असतो. फुगवलेली उलाढाल तुम्ही ओळखता कशी, तेवढं सांगा.

कोपऱ्यावरचं_दुकान
सरासरी तीन महिन्यांची धरतो, आठवड्याची नाही. अचानक उसळी दिसली की तो शेअर महिनाभर बाजूला ठेवतो. यात काही चांगले सौदे हातचे गेले, ते मला चालतात.