घड्याळाले आपलं टेन्शन समजते का राजेहो?

पऱ्हाटीवाला:
दिवाळीत स्मार्टवॉच घेतलं, त्यात स्ट्रेसचा आकडा येते, 1 ते 100. परवा चण्याले पाणी द्याचं होतं, लाईन रातीची, म्हून बारा वाजता वावरात गेलतो, पाइप ओढता ओढता पाह्यलं तं 88, वरून 'दीर्घ श्वास घ्या' म्हणे! मले काहीच टेन्शन नोतं, मस्त गाणे आयकत होतो. अन् त्याच्या आधल्या दिवशी व्यापाऱ्यानं ओलावा हाय म्हणत कापसाचे क्विंटलमागं 400 कापले, मी तिथंच गाडीच्या चाकाले टेकून बसलो, हातपाय गळले, तवा घड्याळात 31, रिलॅक्स. बायको म्हणते वापस करा. का करू?

मोटरपंप:
भाऊ, मांगं तो हिरवा लाईट लपलप करते ना, तो फक्त ठोके पाह्यते. दोन ठोक्यातलं अंतर थोडं कमीजास्त होत असन तं त्याच्या हिशोबानं तू आरामात, एकसारखं झालं तं स्ट्रेस. पाइप ओढला, ताप आला, जागरण झालं, तरी तेच होते. त्याले कापसाचा भाव कुठून कळन.

मास्तर_नागपूर:
काही घड्याळांत घामाचंही सेन्सर असतं, कातडीतून वीज किती वाहते ते मोजतं. मे महिन्यात आपल्याकडे सगळेच टेन्शनमध्ये दिसतील मग 😄 यंत्राने माणसाच्या भावना ओळखायच्या हा विषय जुना आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या रोझलिंड पिकार्ड यांनी 1997 मध्येच यावर पुस्तक लिहिलं. पण चेहऱ्यावरून भावना सांगायचं फीचर मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये मागे घेतलं, आणि युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या जागी आणि शाळेत भावना ओळखणारी यंत्रं लावायला बंदी आहे, उपचार आणि सेफ्टीचं सोडून. स्वतःच्या हातात आहे तोवर ठीक, उद्या मुकादमाच्या मोबाईलवर आपला आकडा गेला तर?

आशाताई:
मी कॅलेंडरवर लिहितो, दुधाचा हिशेब असते त्याच चौकटीत. झोप किती, अन् मन कसं, 'ठीक' नाही तं 'कसंतरी'. मांगच्या महिन्यात पाह्यलं तं रातीच्या लाईनीचे सगळे दिवस 'कसंतरी'. आमचे हे वावरात जाते अन् जीव माया टांगणीले. अन् दादा, हातपाय गळले ते हसण्यावारी नेऊ नोका. लय दिवस तसंच वाटलं तं 14416 लावा, टेलीमानस, सरकारी हाय, फुकट हाय, मराठीत बोलते.

पऱ्हाटीवाला:
नंबर सेव केला ताई. वापसीची मुदत तं गेली. पोरानं काल घड्याळ मुळ्याले बांधून पाह्यलं, त्याचेबी ठोके 74.