स्क्रबर बसवलेला असूनही रात्री वास का येतो? (डोंबिवली एमआयडीसी)

निवासी_विभाग: दिवसा ठीक असतं. रात्री अकरानंतर असा उग्र वास सुटतो की खिडक्या लावून बसावं लागतं. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी येऊन बघून जातं. फेब्रुवारी २०२० मध्ये इथला रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री आले होते. वासाला रंग नसतो ना! कंपनीत स्क्रबर, म्हणजे बाहेर पडणारा वायू धुणारं यंत्र, आहे म्हणे. मग तक्रारीत लिहायचं काय?

जुना_फिटर: केमिकल कंपन्यांत मेंटेनन्सला होतो, म्हणून सांगतो. स्क्रबरमध्ये कॉस्टिक सोड्याचं (अल्कलीचं) पाणी फिरतं, वायूतलं आम्ल त्यात उतरतं. पंपाला वीज लागते, पीएच उतरला, म्हणजे पाण्यातला सोडा संपत आला, की नवं कॉस्टिक घालावं लागतं. म्हणजे खर्च. रात्रपाळीला पंप बंद आणि ब्लोअर (वायू ढकलणारा पंखा) चालू ठेवला की वायू तसाच चिमणीतून बाहेर.

काजळी बॉयलरची. तिचा धूर कापडी पिशव्यांतून गाळणाऱ्या बॅग फिल्टरला मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजणारा मीटर, असतो. त्यावरचा दाबाचा फरक एकदम पडला तर पिशव्या फाटल्या समजा. पण बदलायला बॉयलर थांबवावा लागतो. ऑर्डर अंगावर असताना कोण थांबवतोय?

नुसतं 'वास येतो' लिहू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळ कंपनीला चालवायची परवानगी म्हणून संमतिपत्र देतं, त्यात प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला वेगळा वीजमीटर लावायची अट असते. त्या मीटरचं रोजचं रीडिंग आणि कॉस्टिकची बिलं तपासा, असं लिहा. दुपारी आलेल्या माणसाला वास मिळणार नाही, रीडिंग मिळेल.

कल्याणकर: सगळं कंपन्यांवर ढकलू नका. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, धूर खालीच कोंडतो.

जुना_फिटर: मान्य. पण वास जुलैतही येत असेल तर? वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहून ठेवा, मग कळेल.

सुरतवासी: आमच्याकडे २०१९ पासून कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं आहेत. सगळ्यांच्या धूलिकणांवर मिळून एक मर्यादा, आणि तेवढेच सोडायचे परवाने. कमी सोडले तर उरलेले परवाने विकायचे, जास्त सोडले तर विकत घ्यायचे. अभ्यासात उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

जुना_फिटर: छान आहे, पण ते धूलिकणांचं झालं. यांचा त्रास निम्मा वासाचा आहे.

निवासी_विभाग: संमतिपत्र मिळतं कुठे?

जुना_फिटर: आधी मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोधा. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मीटरचं रीडिंगही त्यातच मागा.