मदत हवी आहे: त्रिमितीय ऑसिलेटरमध्ये एस आणि डी एकाच पातळीवर कसे?

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा क्वांटमचा पेपर तोंडावर आलाय आणि डिजनरसीत (वेगवेगळ्या स्थितींची ऊर्जा एकच असण्यात) अडकलोय.

बल केंद्रीय असेल तर एकाच एल च्या (कोनीय संवेगाचा क्वांटम अंक; एस, पी, डी म्हणजे एल=०, १, २) २एल+१ स्थितींची ऊर्जा सारखी का, हे कळतं. एल-प्लस आणि एल-मायनस हे ऑपरेटर हॅमिल्टोनियनशी (ऊर्जेच्या ऑपरेटरशी) कम्यूट करतात, म्हणजे क्रम बदलला तरी फरक पडत नाही; ते फक्त एम (कोनीय संवेगाच्या एका अक्षावरच्या घटकाचा अंक) बदलतात. पण ते एल ला हातही लावत नाहीत! तरी हायड्रोजनमध्ये २एस आणि २पी दोन्ही -३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला (इव्हो) (स्पिन, सूक्ष्म संरचना तूर्त बाजूला). सोडियममध्ये मात्र ३एस आणि ३पी मध्ये सुमारे २.१ इव्होचं अंतर, त्यातूनच तो पिवळा प्रकाश. हायड्रोजनचं उत्तर रुंगे-लेन्झ सदिशात (कक्षेच्या लांब अक्षाच्या दिशेचा, न बदलणारा सदिश) आहे, पाउलीने १९२६ मध्ये त्यावरूनच पातळ्या काढल्या, इथवर ठीक.

आता खरी अडचण. समदिक् (सर्व दिशांना सारख्या) ऑसिलेटरच्या एन=२ (एकूण दोन क्वांटा) पातळीवर सहा स्थिती: एल=० ची एक, एल=२ च्या पाच. एल=१ नाहीच. म्हणजे रुंगे-लेन्झसारखा, पॅरिटी (सगळे अक्ष उलटे केल्यावर स्थितीचं चिन्ह) उलटवणारा सदिश इथे चालणार नाही. माझा अंदाज, पीआय-पीजे आणि एक्सआय-एक्सजे यांच्या बेरजेतून बनणारा सममित टेन्सर हे काम करतो. तो हॅमिल्टोनियनशी कम्यूट करतो हे तपासलंय. पण तो एस ला डी मध्ये नेतो हे पानभर कम्यूटेटर न मांडता कसं दाखवायचं? क्रिएशन-ॲनिहिलेशन ऑपरेटर वापरून सुटसुटीत होईल का?

आणि जाता जाता: बर्ट्रांडच्या प्रमेयातही बंद कक्षा देणारी नेमकी हीच दोन बलं (हायड्रोजनचं व्यस्त वर्गाचं आणि ऑसिलेटरचं स्प्रिंगसारखं) येतात. संबंध खरा आहे की योगायोग? आमच्या सरांनी ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणून विषय संपवला.